चौथं बोट

आमच्या वॉशिंग मशीनवर, साबणाच्या खणाच्या जरा वर, रुपयाएवढा एक चिकट गोल आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे सेन्सर लावलेला होता. सेन्सर मी काढून टाकला, पण त्याचा गोंद काही निघाला नाही. स्पिरिट लावलं, खोबरेल तेल लावलं, नखांनी खरवडलं. आता त्या गोलावर किचनमधली धूळ बसते आणि तो दिवसेंदिवस काळा पडत चाललाय. लंडनच्या हाउन्सलोमधल्या आमच्या भाड्याच्या घराचं किचन इतकं अरुंद आहे, की मशीनकडे पाठ करून उभं राहिलं तरी ती कमरेला लागते. त्यामुळे विसरायची काही सोय नाही.

तो सेन्सर मी बाबांसाठी आणला होता. निदान तेव्हा मी सगळ्यांना असंच सांगत होते.

बाबा नागपूरला एकटेच राहतात. आई गेल्यापासून दर वर्षी ते काही महिने आमच्याकडे येतात आणि आल्या आल्या घरातलं एक काम बळकावून बसतात. ते म्हणजे कपडे. स्वयंपाकात त्यांना गती नाही, बाजारहाट त्यांना इथे जमत नाही, पण कपड्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. पोस्टात नोकरी होती तेव्हाही आपला शर्ट ते स्वतः धुवायचे आणि स्वतः इस्त्री करायचे. त्यांच्या लहानपणी घरात प्रत्येकाला कपड्यांचा एकच जोड होता. आजी तो रोज संध्याकाळी धुवायची आणि सकाळी ओलसर असला तरी तोच घालून त्यांना शाळेत पाठवायची. शाळेत आमच्या लोकांच्या पोरांना मागे वेगळं बसवत. ‘बसवू दे मागं, पण मळका आहे म्हणून बसवलं असं कुणी म्हणायला नको,’ असं आजी म्हणायची. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की ती मला ऐकू यायचीच बंद झाली होती.

बाबांची कपडे धुण्याची एक रीत आहे. आधी बादलीत कोमट पाणी घ्यायचं, त्यात कपडे भिजवायचे, कॉलर आणि बाह्यांची टोकं हाताने चोळायची, पिळायचे आणि मग मशीनला द्यायचे. आमच्याकडे बादली नव्हती. पहिल्या वर्षी आल्यावर त्यांनी हाय स्ट्रीटवर जाऊन स्वतः एक निळी बादली आणली आणि बाथटबमध्ये ठेवून दिली. बाथरूम वर, मशीन खाली. पिळलेले कपडे घेऊन ते जिना उतरायचे आणि घरमालकाच्या बदामी कार्पेटवर पायरीपायरीला पाण्याचे ठिपके पडायचे. मी ओरडायचे. ते म्हणायचे, “भिजवल्याशिवाय मळ कसा सुटंल? मशीन काय, ती नुसती फिरते.”

आता माझ्याबद्दल सांगते. मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये खोट काढायचा मला पगार मिळतो, आणि ही सवय काही ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. नवरा विमानतळावर कार्गोत कामाला आहे. त्याच्या ड्यूटीच्या वेळा बदलत असतात, म्हणून घरातली खोट काढायलाही बहुतेक वेळा मीच असते. तो म्हणतो, माझ्यासमोर चहाचा कप ठेवला तरी मी आधी तो कुठे टवकलाय ते पाहते. खरं आहे ते.

आणि आमची लेक. ती सहा वर्षांची आहे, जन्म इथलाच. तिला एक्झिमा आहे. कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, मानेवर कातडी लाल होते, तडकते, आणि मग ती झोपेतसुद्धा खाजवते. सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या दवाखान्यातल्या, नर्सने सांगितलं होतं, की कपड्यांना साबण नॉन-बायोच, म्हणजे एन्झाइम नसलेलाच, वापरा, कमी वापरा, आणि कपड्यात तो अजिबात राहू देऊ नका. ही गोष्ट मी फार मनावर घेतली. साबण किती पडतो यावर माझ्या लेकीची कातडी अवलंबून आहे असं एकदा कळल्यावर तो अंदाजाने ओतणं मला गुन्हा वाटायला लागला.

मशीन घरमालकाची आणि जुनी. बदलायची सोय नव्हती. मग मला कळलं की जुन्या मशीनला वरून जोडायची हुशारी मिळते. एक छोटा गोल सेन्सर मशीनला चिकटवायचा. ड्रम सुरुवातीला फिरतो तेव्हा तो किती हादरतो यावरून आत किती कपडे आहेत ते सेन्सर ओळखतो. मशीनच्या डोक्यावर ठेवलेल्या डब्याला तो तसं कळवतो. डब्यात पातळ साबण भरलेला असतो, त्याची एक बारीक नळी साबणाच्या खणात सोडलेली असते, आणि आतला पंप तेवढाच साबण मोजून सोडतो. धुणं सुरू झालं, संपलं, काही बिनसलं, की फोनवर निरोप येतो. लेकीने सेन्सरला ‘मशीनची नाक’ असं नाव दिलं. मी तिला ‘मशीनचं नाक’ असं दुरुस्त करून सांगितलं. मी तेही दुरुस्त करते.

ज्या दिवशी हे सगळं बसवलं त्या दिवशी मी बाबांना किचनमध्ये उभं करून समजावलं, “आता तुम्ही साबण टाकायचाच नाही. कपडे टाकायचे, बटण दाबायचं, बस.”

“अन् भिजवायचे?” त्यांनी विचारलं.

माझी मीटिंग सुरू व्हायला आली होती. कानात एक इअरफोन घातलेला होता. “ते काय करायचं ते करा बाबा, पण साबणाला हात लावू नका.”

त्यांनी मान डोलावली. बाबा एकदा हो म्हणाले, की ते हो असतं. हे मला जन्मापासून माहीत आहे.

थंडी वाढली तसा लेकीचा एक्झिमा वाढला. आधी मला वाटलं हीटिंगमुळे असेल. मग वाटलं शाळेच्या टाइट्समुळे. मलमं बदलली. दही बंद केलं, मग अंडी बंद केली, मग दोन्ही परत सुरू केलं. तरी ती वर्गात खाजवत बसायची आणि तिची मिस दारात भेटली की हळू आवाजात सांगायची. तिच्या उशीच्या अभ्र्यावर बारीक लाल ठिपके दिसायचे. त्यातच माझ्या फोनवर एक निरोप यायला लागला. ‘जास्त फेस आढळला. हाताने जादा डिटर्जंट टाकलं गेलं का?’ खाली दोन बटणं होती, हो आणि नाही. पहिल्या वेळी मी मीटिंगमध्ये होते, पुसून टाकला. पुढच्या वेळीही पुसला. मग मात्र माझ्या डोक्यात बाबांचा पिवळा साबण आला. धुण्याच्या साबणाची वडी, जी ते नागपूरहून येताना बॅगेत टॉवेलात गुंडाळून आणतात.

तो शनिवार होता. नवरा ड्यूटीवर गेला होता. लेक सोफ्यावर बसून गुडघ्यामागे खाजवत होती आणि मी तिचा हात धरून ठेवला होता. किचनमध्ये मशीन सुरू होती. फोन वाजला. तोच निरोप.

मी उठून किचनमध्ये गेले. बाबा बाह्या दुमडून मशीनसमोर उभे होते आणि काचेच्या दाराकडे पाहत होते. आत नुसता फेस. कपडे दिसतच नव्हते.

“बाबा, साबण टाकलात?”

“नाही.”

“मग हा फेस कुठून आला?”

“तेच पाहून राहिलो मी.”

मी फोन त्यांच्यापुढे धरला. “हे बघा. यात येतंय.”

त्यांच्याजवळ चष्मा नव्हता. फोन लांब धरून त्यांनी ती ओळ सावकाश वाचली. “हे विचारून राहिलं ना बेटा. सांगत कुठं आहे?”

याच्याहून नेमकं बोलणं त्या घरात त्या दिवशी दुसऱ्या कुणी केलं नाही. मला ते ऐकूनच राग आला. पुरावा हातात धरून उभी असताना समोरच्याने शब्दात पकडावं, हे मी ऑफिसातही सहन करत नाही.

“तुमचा तो पिवळा साबण?”

“तो माझ्या कॉलरला. पोरीच्या कपड्याला मी लावत नाही.”

“पण सगळं एकाच बादलीत भिजवता ना?”

“तिचे वेगळे भिजवतो. साध्या पाण्यात.”

“मम्मा, खाज येतो,” लेक बाहेरून म्हणाली. मी वळले नाही. मी त्या वेळी तपासणी करत होते.

“बाबा, विसरला असाल. या वयात होतं असं. नुसतं सांगा, मी रागावणार नाही.”

मी रागावलेलीच होते. बाबांनी एकदा दाराबाहेर सोफ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळूच म्हणाले, “टाकला असेल.”

इथे तरी मी थांबायला हवं होतं. माणूस माघार घेत होता आणि मी त्याला तेवढी वाटसुद्धा ठेवली नाही. “असेल म्हणजे काय? हो की नाही? मला नक्की कळलं पाहिजे बाबा, त्याशिवाय तिची ट्रीटमेंट कशी करणार?”

“हो,” बाबा म्हणाले. “टाकला.”

मी फोनवर ‘हो’चं बटण दाबलं आणि मग लेकीला मलम लावायला गेले.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी तो पिवळा साबण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या हातात आणून दिला. बादली घासून बाथटबच्या टोकाला पालथी घालून ठेवली. त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही. स्वतःचे शर्टसुद्धा टोपलीत टाकायला लागले, आणि ते शर्ट मी धुवायला लागले. माझ्या धुण्यात त्यांच्या कॉलरवर एक करडी रेघ राहायची. ती त्यांना दिसत होती. तेच शर्ट ते इस्त्री करून घालत होते.

आणि लेकीला बरं वाटायला लागलं. हेच तर सगळ्यात वाईट झालं. हळूहळू लाली ओसरली, कातडी मऊ झाली, अभ्रा स्वच्छ राहायला लागला. फोनवरचा निरोप बंद झाला. मी नवऱ्याला म्हटलं, “बघ, मी म्हणत नव्हते?”

“अगं, पण बाबांना सारखं ऐकवत जाऊ नकोस,” तो म्हणाला.

“मी कुठे ऐकवते?” मी म्हटलं. ऐकवत नव्हतेच. फक्त लेकीला आंघोळ घालताना, बाबा ऐकू येईल इतक्या जवळ असले, की मी मोठ्याने म्हणायचे, “बघ किती छान झालीय स्किन!”

बाबा रोज सकाळी वंदना घेतात. वरच्या लहान खोलीत बुद्धमूर्ती आहे, शेजारी तसबीर आहे, आणि बॅटरीवरची मेणबत्ती आहे, कारण खऱ्या मेणबत्तीने स्मोक अलार्म वाजतो. वंदनेत पंचशील येतं. हिंसा करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, वाईट वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. पाच वचनं पालीत म्हणायची आणि ती माणसाने स्वतःला द्यायची. लहानपणी मलाही बाबांनीच शिकवली. एका हाताने दुसऱ्या हाताचं एकेक बोट दाबायचं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, म्हणजे एकही शील सुटत नाही. त्या हिवाळ्यात लेकीने त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायला सुरुवात केली. शाळेचा डबा भरताना मला खाली किचनमध्ये दोघांचे आवाज ऐकू यायचे. आधी आजोबांचा, मागून तिचा. मला फार बरं वाटायचं. लंडनमध्ये वाढलेली पोर, मराठीत ‘माझी ड्रेस’ म्हणणारी, पालीत पंचशील म्हणतेय.

आमच्या घरावरून विमानं उतरतात. इतक्या खालून, की चाकं मोजता येतील. एक गेलं की दुसरं येतं, आणि त्या आवाजात टीव्हीची वाक्यंच्या वाक्यं बुडतात. त्यामुळे तिसऱ्या शीलानंतर वरून एकदम पाचवंच ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं, मधलं विमानात गेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं. रोज त्याच वेळी, त्याच जागी विमान कसं येईल, हा प्रश्न मला पडला नाही. हा प्रश्न पडण्यासाठी लोक मला पगार देतात.

बाबांच्या परतीला थोडे दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. लेकीच्या शाळेत मैदानावर पीईचा, म्हणजे खेळाचा, तास झाला आणि ती गुडघ्यापर्यंत चिखलात माखून आली. जॉगर्स, मोजे, टी-शर्ट, सगळं चिखल. असेच मशीनमध्ये टाकले तर नळी तुंबेल म्हणून मी ते सिंकमध्ये नळाखाली धरले, गढूळ पाणी संपेपर्यंत खळबळले, पिळले आणि मशीनमध्ये टाकले. बटण दाबलं. ड्रम दोन-तीनदा आपटत फिरला. मग डब्यातला पंप सुरू झाला.

तो पंप मला ओळखीचा होता. जरा गुणगुणायचा आणि थांबायचा. त्या दिवशी तो थांबेना. मी ओले हात तसेच धरून उभी राहिले. तीन छोटे कपडे आत होते आणि साबण येतच होता. थोड्या वेळाने दाराच्या काचेमागे फेस चढला आणि फोन वाजला.

‘हाताने जादा डिटर्जंट टाकलं गेलं का?’

किचनमध्ये मी एकटी होते. बाबा पुढच्या खोलीत टॅबवर पेपर वाचत होते. माझ्या हाताला चिखलाचा वास येत होता, साबणाचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते. बाबा लेकीला शाळेत सोडायला गेले तेवढ्यात मी तेच कपडे कोरडे टाकून मशीन सुरू केली. पंप जरासा गुणगुणला आणि थांबला. मशीन रिकामी केली, तेच कपडे भिजवून, पिळून पुन्हा टाकले. पंप चालतच राहिला. पुन्हा कोरडे, पुन्हा ओले. ऑफिसात आम्ही याला ‘बग रिप्रोड्यूस झाला’ असं म्हणतो आणि एकमेकांच्या पाठीवर थाप मारतो. ओले कपडे जड असतात, ड्रम जास्त हादरतो, आणि सेन्सरला वाटतं मशीन गच्च भरलीय. ज्याने तो बनवला त्याच्या डोळ्यांपुढे कपडे आधी बादलीत भिजवणारं घर नसेल. माझ्या डोळ्यांपुढे तर होतं. माझ्या घरात रोज जिन्यावर पाण्याचे ठिपके पडत होते आणि मी त्यावरून ओरडत होते.

म्हणजे बाबा लेकीचे कपडे तिची कातडी नाजूक म्हणून साध्या पाण्यात वेगळे भिजवत होते, आणि ते जितके काळजीने भिजवत होते तितका माझा डबा त्यात साबण ओतत होता. त्यांनी हात काढून घेतल्यावर कपडे कोरडे जायला लागले आणि लेक बरी झाली. आणि ते मी त्यांच्या चुकीचा पुरावा म्हणून सगळ्या घराला दाखवत फिरले.

हे बाबांना सांगायला मला रविवार उजाडला. वेळ मिळत नव्हता असं नाही, तोंडच नव्हतं. ते वरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होते. मी दारातच उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. सेन्सर, वजन, पंप, सगळं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

“म्हणजे पोरीला माझ्यामुळं नाही झालं?”

“नाही बाबा. मशीनमुळे. माझ्यामुळे.”

त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. “मला वाटायला लागलं होतं की खरंच टाकला असेल. टाकला अन् विसरलो असेन. आता वय झालं. रोज आठवून पाहत होतो की बाप्पा, कधी टाकला.”

मला रडू आलं. इतके दिवस हा माणूस न टाकलेला साबण आठवत बसला होता. “तुम्ही हो काहून म्हणालात?” मी विचारलं. नागपूरचं ‘काहून’ माझ्या तोंडून कित्येक वर्षांनी निघालं.

“तू थांबत नव्हती,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “पोरगी तिकडं खाजवून राहिली होती अन् तू इकडं मला विचारून राहिली होती. कुणी हो म्हटल्याशिवाय तू तिच्याकडं जाणार नव्हती.”

“चुकलं माझं. माफ करा मला.”

“जाऊ दे आता. शर्ट दे तो इकडं.”

मी सेन्सर त्याच दिवशी ओढून काढला. डबा, नळी, सगळं कपाटात कोंबलं. पिवळा साबण परत त्यांच्या हातात दिला, बादली सरळ करून ठेवली, म्हटलं, “बाबा, आता तुम्हीच करा कपडे. तुम्हाला हवे तसे.” ते हसले, “आता जायचे दिवस आले. तुझ्या हाताला बसली आहे सवय, तूच कर.” साबण त्यांनी बॅगेत ठेवला. मला वाटलं, माफी मागून झाली, त्यांनी जाऊ दे म्हटलं, म्हणजे विषय संपला. हीथ्रोला आत जाताना त्यांनी लेकीचा गुडघा मागून एकदा पाहिला, तिथे हात फिरवला आणि गेले. अंगात पांढरा शर्ट होता. कॉलरवर माझ्या धुण्याची करडी रेघ होती.

ते गेल्यावर घर फार मोकळं वाटायला लागलं. सकाळी वरच्या खोलीत आवाज नसायचा. एका रविवारी लेकच म्हणाली, “मम्मा, आपण करूया? मला येतं.” मी मेणबत्तीचं बटण दाबलं आणि तिच्याशेजारी बसले. तिने डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा दाबला आणि पहिलं शील म्हटलं. मग दुसरं. मग तिसरं. उच्चार अगदी बाबांचे. मग तिने मधलं बोट सोडलं, त्याच्या शेजारचं बोट ओलांडलं, करंगळी धरली आणि पाचवं म्हटलं.

विमान नव्हतं. सगळं स्वच्छ ऐकू आलं.

“अगं, चौथं राहिलं,” मी म्हटलं. “हे बोट विसरलीस.”

“नाही विसरली,” ती म्हणाली. “त्या बोटाला बरं नाहीये. आजोबांची पण हेच बोट आजारी आहे. ते म्हणाले, बरं झालं की घ्यायचं. तोपर्यंत नाही म्हणायचं.”

चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही. जे वचन मोडलं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायला बाबांची जीभ वळली नव्हती. उरलेले सगळे महिने वळली नव्हती. मी खरं काय ते सांगितलं, साबण त्यांनी टाकला नव्हता हे सिद्ध झालं, पण त्यामुळे तर त्यांचं ‘हो, टाकला’ हे पक्कं खोटं ठरलं. मी त्यांना दोषातून सोडवलं असं समजत होते. साऱ्या जन्मात ज्या माणसाने मस्टरवर खोटी सही केली नाही, त्याच्याकडून मी किचनमध्ये उभी राहून खोटं वदवून घेतलं होतं, ‘असेल’वर भागवू दिलं नव्हतं, आणि ते आजारपण आता या पोरीच्या हातावर आलं होतं.

“आता बरं झालं का?” लेकीने विचारलं. “आजोबा गेले ना. मग मी कोणाला विचारू?”

हो म्हणणं फार सोपं होतं. ‘हो’ ओठावर आलंही. पण मूर्ती समोर होती, आणि ‘हो’चं बटण मी एकदा दाबून बसले होते.

“तुझ्या बोटाला काही झालेलं नाही,” मी म्हटलं. “आजोबा एकदा खोटं बोलले म्हणून ते हे शील म्हणत नव्हते.”

“आजोबा?” तिचा विश्वास बसेना. “व्हाय?”

“मी त्यांना सारखं सारखं विचारलं, म्हणून. ते खरं सांगत होते, पण मी ऐकलं नाही. मला दुसरंच उत्तर पाहिजे होतं. मग शेवटी त्यांनी ते दिलं.”

तिने बराच विचार केला. गुडघ्यामागे सवयीने हात नेला, तिथे काही नव्हतं, तो परत आणला.

“मग तुझी बोट आजारी पाहिजे ना,” ती म्हणाली. “आजोबांची कशाला?”

मी तिला दुरुस्त केलं नाही. तिने माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. अंगठा दाबून पहिलं म्हटलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि मग माझं चौथं बोट अगदी जपून ओलांडून तिने करंगळी धरली. ते झाल्यावर तिने स्वतःचा हात पुढे घेतला आणि पहिल्यापासून पाचही म्हटली.